व्याह्यांना प्लास्टिक चालत नाही

गणपतीची चवथ होऊन गेल्यानंतरचा दुसरा शुक्रवार, म्हणजे म्हापशाचा बाजारवार. रक्कम एक हजार चारशे चाळीस रुपये. हजर माणसं पाच: मी, माझी बायको, सातवा महिना लागलेली आमची मुलगी, दोऱ्या-लोकरीचा दुकानदार आणि आमचे व्याही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या व्याह्यांइतका हट्टी माणूस पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके मिळून दुसरा झालेला नाही, असं माझं ठाम मत आहे, आणि ते मी रागाच्या भरात मांडतोय असं कोणाला वाटायला नको. राग आहेच. पण तपशील पक्के आहेत.

त्या दिवशी खरेदी होती ती पांघरुणाच्या दोऱ्याची. आमच्याकडे रीत अशी की पहिलं बाळंतपण माहेरी, बारसं माहेरी, पाळणा आजोळचा. पण त्या पाळण्यात मुलावर पहिलं पांघरूण पडतं ते बापाच्या घरचं. बाकीचे लोक ते पांघरूण दुकानातून आणतात, पिशवीतून काढतात, घालतात आणि जेवायला बसतात. आमचे व्याही ते स्वतः क्रोशाने विणणार होते. त्यासाठी त्यांनी दुकानदाराकडे अस्सल सुती, बारीक, पांढऱ्या दोऱ्याच्या दहा गुंड्या मागितल्या. एका गुंडीचे एकशे ऐंशी रुपये. त्याच दुकानात, त्याच फळीवर, वीतभर अंतरावर ॲक्रिलिकच्या लोकरीचे गोळे होते, मऊ, फुगीर, बावीस रंगांत, गोळ्याला पंचेचाळीस रुपये. मी ते फक्त बोटाने दाखवले. एक शब्द बोललो नाही.

"व्याहीबाब," ते म्हणाले, "तां प्लास्टिक."

मी म्हटलं, माझ्या घरात दहा वर्षं याच लोकरीची कव्हरं आहेत, रंग उडालेला नाही, की उसवलेली नाहीत. यावर त्यांनी खिशातून आगपेटी काढली. कापडाच्या बाजारपेठेत, आगपेटी. दुकानदार अर्धा उठला आणि म्हणाला, "बाबा, हांगा सगळी कापडां आसत." व्याह्यांनी त्याच्याच चहाच्या बशीत एक सुताचा तुकडा आणि एक ॲक्रिलिकचा तुकडा ठेवला आणि दोन्ही पेटवले. सुताची पांढुरकी राख झाली. ॲक्रिलिक वितळलं, त्याची काळी गोळी झाली आणि जुनी बालदी जळल्यासारखा वास सुटला. शेजारच्या साडीच्या दुकानातले लोक बाहेर येऊन वर वायरीकडे बघू लागले.

"बघा," व्याही म्हणाले. "ज्याची राख जाता, तां आंगार घालूचां. ज्याची गोळी जाता, तां तुमच्या दुकानात विकूचां."

इथे सांगायला हवं की धारगळला हायवेवर माझं हार्डवेअरचं दुकान आहे. मी नायलॉनची दोरी विकतो, प्लास्टिकचे पाइप विकतो, आणि त्याच नायलॉनच्या दोरीवर मी मुलीचं लग्न केलं, ज्या लग्नात व्याही दोन वेळा जेवले. पण मुलीच्या बापाने हे बोलायचं नसतं. मी फक्त माझ्या क्षेत्रापुरतं बोललो. म्हटलं, दहा गुंड्या कशाला? बायकोने नमुन्याला विणलेला सुती वीतभर चौकोन मी माझ्या दुकानातल्या काट्यावर तोलून आलो होतो. पांघरुणाची लांबी-रुंदी धरली, वजन काढलं, काठाला थोडं जास्त ठेवलं, तरी आठाच्या वर जात नव्हतं. व्याही म्हणाले, "धा लागतले." मी म्हटलं, आठ. दुकानदार माझ्या बाजूने झाला, कारण आगपेटी अजून व्याह्यांच्या हातात होती. आठ ठरल्या. पैसे द्यायच्या वेळी व्याह्यांनी खिशात हात घातला, त्यातून दुसरी आगपेटी निघाली, पाकीट डिचोलीला राहिलेलं. एक हजार चारशे चाळीस मी दिले.

आता असा माणूस दिसायला कसा असेल, तर वाचक कोणीतरी हडकुळा, चष्मा नाकावर आलेला म्हातारा डोळ्यांसमोर आणतील. तसं नाही. आमचे व्याही सहा फूट उंच, दाराच्या चौकटीतून वाकून येणारे, आणि त्यांचे हात म्हणजे खोरी. डिचोलीच्या बाजूला खाणीवर त्यांनी ऐन उमेदीची सगळी वर्षं दगडाला भोकं पाडायचं मशीन धरलं. ते मशीन चालू झालं की शेजारच्या माणसाचे दात वाजायचे, असं त्यांच्या गावातले लोक सांगतात. खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांच्याबरोबरच्या कोणी ट्रक विकले, कोणी मुरगावला गोदीवर गेले, कोणी दारात बसून सरकारला शिव्या देऊ लागले. आमचे व्याही शेजारच्या एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईंच्या पडवीत जाऊन बसले. त्या बाई चर्चमधल्या वेदीच्या कापडाला रेंद करायच्या, म्हणजे क्रोशाच्या जाळीची झालर. दोन महिन्यांनी व्याही तिथून उठले ते हातात आकड्याची सुई घेऊनच. का, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "मशीन बंद पडलां म्हणान हात कित्याक बंद ठेवू?" हे उत्तर मला तेव्हा फार पोकळ वाटलं होतं. हात चालू ठेवायला सुपारीचं कुळागर आहे, नारळ आहेत, विहीण आहेत ज्या दिवसभर त्यांना हाका मारतात.

तर हे गृहस्थ खांद्याला कापडी पिशवी अडकवून सगळीकडे विणत जातात. बसमध्ये विणतात आणि कंडक्टरने तिकीट मागितलं की "थांब, खांब पुरो करतंय" म्हणतात; खांब म्हणजे क्रोशाचा उभा टाका. कोणाकडे दुखवट्याला गेले तरी तिथे बसून चार ओळी काढतात. एकदा तर मयताच्या घरचाच माणूस रडं थांबवून ही कसली जाळी म्हणून विचारू लागला आणि व्याह्यांनी त्याला मुका खांब शिकवला. ते कुठलंही कापड बोटांनी चाचपत नाहीत, सरळ गालाला लावतात. तुमच्या घरात आले की आधी पडदा गालाला, मग उशीचा अभ्रा गालाला, मग मेजावरचं कापड. आमच्या साध्यासुध्या धारगळच्या लोकांना याची सवय नाही. आणि गरम चहाचा स्टीलचा पेला, ज्याला आपण टॉवेलने धरू, तो ते मुठीत धरून पाच-पाच मिनिटं गप्पा मारतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, खाणीवरचा माणूस, दाखवतोय ताकद.

तुसड्या माणसाला एक वेळ माफ करता येतं, पण पेज पळवणाऱ्याला नाही. सुती जाळी ताठ राहावी म्हणून व्याही ती उकड्या तांदळाच्या पेजेच्या निवळीत बुडवतात, मग फळीवर टाचण्या मारून वाळवतात. यात माझं काही जात नव्हतं. पण लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे राहिले, तेव्हा सकाळी दहा वाजता मी दुकानातून पेज जेवायला घरी आलो, आणि बायकोने माझ्यापुढे कोरडी शितं, लोणचं आणि सुकी खारी मासळी ठेवली. निवळ कुठे गेली विचारलं तर तिने मागीलदाराकडे बोट दाखवलं. तिथे माझ्या पेजेत व्याह्यांचा जाळीचा मेजपोस भिजत होता. वर ते म्हणाले, "तुमच्या तांदळाक खळ बरी आसा." हे कौतुक होतं. मी ते गिळलं, दुसरं गिळायला काही नव्हतंच.

पण माझ्या रागाचं मूळ याच्याही मागे आहे, अगदी मुलगी पाहायला आले त्या दिवसात. आमच्या घरातलं सगळं विणकाम माझ्या बायकोचं. टीव्हीवर कव्हर, फ्रिजवर कव्हर, मिक्सरला टोपी, दाराला तोरण, जनेलाला म्हणजे खिडकीला झालर. सगळं ॲक्रिलिकचं, सगळं तिच्या हातचं, आणि मी प्रामाणिकपणे सांगतो, एकाही वस्तूला पन्नास-शंभराच्या वर खर्च आलेला नाही. घामट हवेत सुती कापडाला बुरशी येते, ॲक्रिलिकला येत नाही. धुतलं की तासात वाळतं. कसर लागत नाही. ही काय वाईट गोष्ट आहे? तर त्या दिवशी मुलगा आमच्या मुलीकडे पाहत होता, विहीणबाई घराकडे पाहत होत्या, आणि व्याही उठून टीव्हीपाशी गेले, कव्हर उचललं, गालाला लावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्यां सूत न्हय."

बायकोच्या हातात चहाचा ट्रे होता. तो तिने इतक्या हळू खाली ठेवला की मला भीती वाटली. रात्री ती म्हणाली, "मुलगो बरो आसा. पण त्या माणसाच्या घरात माझां चेडू देवचां नाय." ते स्थळ केवळ एका टीव्हीच्या कव्हरावरून मोडायला आलं होतं. मोडलं नाही, कारण मुलीने आम्हाला दोघांना सांगितलं की तिला लग्न टीव्हीशी करायचं नाही.

एवढ्या पूर्वपीठिकेनंतर ते पांघरूण माझ्यासाठी केवळ पांघरूण नव्हतं हे कोणाच्याही लक्षात येईल. मुलगी सासरचं नाव काढायची तेव्हा माझ्या बायकोचे ओठ मिटायचे. बारशाला सासरचं पांघरूण वेळेवर आलं नाही, तर आमच्या आळीतल्या बायका पुढची पंधरा वर्षं ते विसरणार नव्हत्या, आणि बोलणार होत्या त्या मुलीला. म्हणून दिवाळी झाल्यावर मी मुद्दाम डिचोलीला गेलो, नारळ विकत घ्यायच्या निमित्ताने. पाहतो तर पांघरूण दोन हातांएवढं झालेलं. हिशेबाप्रमाणे ते तीन हात व्हायला हवं होतं. मी तसं म्हटल्यावर विहीणबाई आतून म्हणाल्या, "तीन हात जाल्लां. काल उसवलां." खालच्या एका ओळीत एक खांब सुटला होता, तो त्यांना वर पंधरा ओळी गेल्यावर दिसला. मी म्हटलं, व्याहीबाब, ते मूल काय पाळण्यात पडून खांब मोजणार आहे? ते म्हणाले, "मूल मोजचां ना. मी मोजतलंय." मी घेतलेले नारळ तिथेच विसरून आलो.

घरी येऊन मी बायकोला एवढंच सांगितलं की पांघरूण होत नाही. दुसऱ्या दिवशी ती म्हापशाला गेली आणि ॲक्रिलिकचे आठ गोळे घेऊन आली, पिवळे आणि पांढरे, तीनशे साठ रुपये. आठ दिवसांत अख्खं पांघरूण तयार. काठाला फुलं, कोपऱ्यांना गोंडे. मी ते काट्यावर ठेवून पाहिलं. हलकं, ऊबदार, आणि व्याह्यांच्या नुसत्या दोऱ्याच्या पाव किमतीत. माझ्या मनात आलं, झाली तयारी.

नात झाली. बाराव्या दिवशी बारसं. पाहुणे आले, पाळण्याला झेंडू बांधले, आणि डिचोलीची मंडळी आली. व्याही पुढे, पिशवी खांद्याला. पिशवीतून त्यांनी पांघरूण काढलं, आणि खोटं कशाला बोलू, मी ते पाहायला दोन पावलं पुढे झालो. पांढरंशुभ्र, जाळी अशी की खालचा हात दिसावा आणि तरी कुठे भोक वाटू नये. मग माझी नजर खालच्या काठाकडे गेली. काठच नव्हता. हातभर भाग राहिला होता आणि सुई तशीच लटकत होती.

"सूत सोपलां," व्याही म्हणाले.

बायकांमध्ये कुजबुज झाली. अर्धवट वस्तू पाळण्यात घालत नाहीत, हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. मुलीने मान खाली घातली. तेव्हा माझी बायको आत गेली आणि पिवळं पांघरूण घेऊन बाहेर आली. तिने ते पाळण्याच्या कडेवर ठेवलं आणि फार सौम्यपणे म्हणाली, "व्याहीबाब, तुमचां जायसर ह्यां घालतंय." मी तुम्हाला सांगतो, लग्नाआधीच्या त्या संध्याकाळपासून ती या एका वाक्याची वाट पाहत होती.

व्याही पुढे झाले. पिवळं पांघरूण उचललं, गालाला लावलं. कोपऱ्यातल्या गोंड्याचा एक धागा तोडला, आणि देवासमोरच्या समईवर धरला. बारशाच्या दिवशी, देवाच्या समईवर, भरल्या घरात. धागा वितळला, वास सुटला, एका म्हातारीने नाकाला पदर लावला. काळा थेंब धाग्यावरून ओघळत त्यांच्या अंगठ्यावर आला, चिकटला, आणि तरी हा माणूस हात मागे घेईना. पापणीसुद्धा हलवली नाही. माझ्या डोक्यात आलं ते एवढंच की हा हट्ट आता माणसाच्या पलीकडचा झाला.

"बाळाच्या पाळण्याक समई लागता," ते म्हणाले. "ठिणगी पडली तर?"

शेवटी विहीणबाईंनी तोड काढली. माझ्या बायकोच्या एका जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीची घडी घालून ती नातीवर पांघरली, नाव ठेवलं, पाळणा म्हटला. दोन्ही पांघरुणं शेजारी शेजारी खुर्चीवर पडून राहिली. जेवताना माझ्या बायकोने डिचोलीच्या पंगतीत सोलकढी वाढली नाही. मुलगी आतल्या खोलीत रडत होती आणि जावई दाराबाहेर उभा राहून कोणाची बाजू घ्यावी याचा विचार करत होता.

जेवणं झाली. व्याही पडवीत एकटेच बसले होते. मी ठरवूनच बाहेर गेलो, उरलेला पिवळा गोळा हातात घेऊन. मनात वाक्य तयार होतं. ते मी बोललोही. म्हटलं, "व्याहीबाब, सूत संपलं तर संपलं. काठ ह्याचा घाला. पांढऱ्याला पिवळा काठ बरा दिसेल. तुमच्यासारख्या माणसाला तासाभराचं काम." मला त्यांना ॲक्रिलिक हातात धरायला लावायचं होतं, एवढाच माझा हेतू होता, आणि तो उदात्त नव्हता.

मला वाटलं ते आगपेटी काढतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गोळा घेतला आणि धागा डाव्या बोटाला गुंडाळून सुई चालवायला लागले. एक साखळी, दोन साखळ्या. तिसरीला धागा बोटावरून घसरून खाली लोंबायला लागला. त्यांची सुई मात्र चालूच होती. आकडा येत होता, जात होता, नुसत्या हवेत, आणि ते समोर रस्त्याकडे बघत बोलत होते, की यंदा सुपारीला दर नाही. पाच-सहा वेळा सुई अशी हवेत फिरली. मग त्यांनी खाली पाहिलं, थांबले, धागा उचलून पुन्हा बोटाला गुंडाळला. पुन्हा दोन साखळ्या, पुन्हा घसरला. या वेळी ते सुपारीचं बोलायचे थांबले.

तेव्हा मला त्यांचा अंगठा दिसला. सकाळचा तो काळा थेंब अजून तिथेच होता, आणि त्याच्याभोवती रुपयाएवढा फोड आलेला. त्या अंगठ्यानेच ते सुई धरत होते.

मी म्हटलं, "भाजलंय तुम्हाला."

त्यांनी अंगठा उलटा करून पाहिला, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. "हां," म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मशीनान खाल्ली बोटां. डॉक्टर म्हणालो, बारीक काम करीत ऱ्हवा, नायतर रवल्याली पण जातली. ह्यो धागो बोटार आसा काय ना, तां बघूक जाय. सुताक पकड आसता, तां मात्शां कळता. घट्ट वडलां काय कळता."

घट्ट ओढलं की कळतं. मी हार्डवेअरवाला आहे; मला एवढं पुरलं. मी बायकोच्या हातचा नमुना तोलला होता, सैल, मऊ, चांगल्या बोटांचा. हा माणूस प्रत्येक टाका आवळून विणत होता, कारण आवळल्याशिवाय त्याच्या बधिर बोटांना टाका लागतच नव्हता, आणि आवळलेल्या विणीला तेवढ्याच जागेत दोरा जास्त जातो. त्यांना ते ठाऊक होतं. म्हणून ते दहा म्हणाले होते. कारण सांगायला लागलं असतं म्हणून आठावर गप्प बसले होते. गालाला कापड लावणं, गरम पेला मुठीत धरणं, एका सुटलेल्या खांबासाठी पंधरा ओळी उसवणं, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं, आणि माझा इतक्या दिवसांचा नीट रचून ठेवलेला राग कुठे ठेवावा हे मला कळेना.

मी आत गेलो. सगळ्या बायका मागच्या पडवीत पानं खात बसल्या होत्या. मी तिथे उभा राहून मोठ्याने सांगितलं की पांघरूण राहिलं ते व्याह्यांमुळे नाही, माझा हिशेब चुकला. त्यांनी दहा गुंड्या सांगितल्या होत्या, मी आठच घेऊ दिल्या. माझ्या बायकोने पान खायचं थांबवलं. पस्तीस वर्षांच्या दुकानदारीत मी हे वाक्य कधी उच्चारलेलं नव्हतं, आणि ते खरंही नव्हतं. माझा हिशेब बरोबर होता. बायकोच्या हाताला तो आजही बरोबर आहे. पण तिने व्याह्यांच्या पंगतीची राहिलेली सोलकढी पेल्यात ओतली आणि पुढच्या पडवीत त्यांना नेऊन दिली, आणि तेव्हापासून आजपर्यंत घरात कुठलाही आकडा निघाला की ती म्हणते, "परत मोजा. पांघरुणासारखां जायत." मी ऐकून घेतो. फार त्रास होतो, पण ऐकून घेतो.

आता हे लिहायला हरकत नाही, कारण व्याह्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं आहे. गेल्या पावसाळ्यापासून सूतसुद्धा कळेनासं झालं, तेव्हा त्यांनी सुई पिशवीत ठेवली आणि पिशवी खुंटीला. आमच्याकडे आले की अजून पडदे गालाला लावतात. पिवळ्या पांघरुणाला मात्र ते आता काही म्हणत नाहीत, कारण नात थंडीत तेच ओढून झोपते, त्याला लव आहे म्हणून. ॲक्रिलिकबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. आमच्या हवेला, आमच्या खिशाला तेच बरं. पांढरं पांघरूण डिचोलीला असतं. त्याचा शेवटचा हातभर भाग बाकीच्यापेक्षा किंचित पिवळसर आहे, कारण नंतर आणलेल्या दोऱ्याचा पांढरा निराळा निघाला. व्याह्यांना ते दिसतं. ते उसवलं मात्र नाही.

तो दोरा मी बारशाच्याच दिवशी आणला. दुपारचे तीन वाजलेले, स्कूटर काढली आणि म्हापसा गाठला. दुकानदाराने मला ओळखलं, आधी माझ्या मागे पाहिलं, आगपेटीवाले आले नाहीत याची खात्री केली आणि म्हणाला, "थोडांच जाय आसल्यार ही लोकर व्हरा, सवाय पडटली." त्याने पंचेचाळीसचा स्वस्त गोळा पुढे केला. मी तो घेतला, शेजारची सुताची गुंडीही घेतली, डोळे मिटले आणि दोन्ही धागे बोटांवरून फिरवून पाहिले. मला दोन्ही कळले. सुताच्या दोन गुंड्यांचे तीनशे साठ रुपये झाले, म्हणजे पिवळं पांघरूण अख्खं झालं होतं तेवढेच. ते मी दुकानदाराला रोख दिले, आणि घासाघीस केली नाही.